मुदतवाढ

“बाकी सगळं ठीक आहे, पण यात दातांचा संबंध कुठं येतो?”

दंतवैद्यक महाविद्यालयाच्या नैतिकता समितीचे सचिव एवढं विचारून खुर्चीत मागे रेलले. टेबलाभोवतीच्या उरलेल्या सहा जणांनीही प्रस्तावाची पानं उलटून पाहिली. शेवटच्या पानावर तरी एखादी दाढ निघेल, अशा आशेनं.

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी डॉ. क्रांती भोईर पहाटे साडेपाचला घरातून निघाली होती. रिक्षानं दिघीची जेट्टी, गाड्या वाहून नेणाऱ्या जंगलजेटीनं खाडी ओलांडून आगरदांडा, तिथून मुरुड आणि मुरुडहून आणखी दोन एसट्या. त्यानंतर बाहेरच्या बाकावर, गाल सुजलेल्या पेशंटांच्या रांगेत तिनं दोन तास काढले होते. शेजारच्या म्हाताऱ्यानं तिला “तुमची वरची का खालची?” असंही विचारून झालं होतं.

“दातांचा संबंध नाही, सर,” ती म्हणाली. “कोलंबी सोलणाऱ्या बायकांच्या हातांच्या जखमांवरचं काम आहे. माणसांवरचं संशोधन म्हणून नैतिकता समितीचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या कॉलेजात अशी समिती नाही. नसेल तर जवळच्या मान्यताप्राप्त समितीकडून आणा, असं विद्यापीठाच्या नियमात आहे. जवळची म्हणजे तुमचीच.”

“हे बायकांना द्यायचं माहितीपत्रक. याचं मराठी भाषांतर बरोबर असल्याचा दाखला जोडलेला नाही.”

“ते मी मराठीतच लिहिलंय, सर. इंग्रजी नंतर केलं, समितीसाठी.”

सचिवांनी क्षणभर विचार केला. “मग इंग्रजी भाषांतर बरोबर असल्याचा दाखला जोडा.”

क्रांतीनं वहीत लिहून घेतलं. वडील लाल बावट्याच्या सभांना जाणारे, म्हणून त्यांनी हौसेनं मुलीचं नाव क्रांती ठेवलं होतं. त्या नावाच्या बाईचं निम्मं आयुष्य दाखले गोळा करण्यात जाईल, हे त्या भातशेतकऱ्याला तेव्हा कुठून कळणार?

समितीत समाजाच्या प्रतिनिधी म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “त्या बायकांना नेमकं होतं काय?”

एवढा एकच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून क्रांती इतक्या लांबून आली होती. तिनं सांगितलं. कोलंबीच्या डोक्याचा काटा बोटात टोचतो. महिन्याभरानं तिथं गाठ येते, ती फुटते, वाहते, बरी झाल्यासारखी वाटते आणि पुन्हा फुटते. दवाखान्यात पू तपासायला पाठवतात, रिपोर्ट येतो, ‘जंतूंची वाढ नाही’. कारण प्रयोगशाळेतलं यंत्र माणसाच्या अंगाइतकं, सदतीस अंशांवर ठेवलेलं असतं आणि नमुना दोन-तीन दिवसांत टाकून देतात. हा जंतू समुद्रातला, मासळीतला असावा असा तिचा संशय होता. तसा असेल तर त्याला तीस-एकतीस अंश लागतात आणि वाढायला महिना लागतो. तो तिथं असून कुणाला दिसत नाही. मग नेहमीची औषधं चालू राहतात आणि आजार सांध्यात, हाडात उतरतो.

“म्हणजे तुम्हाला कमी तापमानाचं यंत्र हवंय,” बाई म्हणाल्या.

“हो. आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च. त्यासाठीच हे अनुदान.”

समितीनं मंजुरी दिली. पण सचिव म्हणाले की प्रमाणपत्र इतिवृत्त कायम झाल्यावर मिळतं, आणि इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होतं, आणि पुढची बैठक तीन महिन्यांनी. विद्यापीठाची शेवटची तारीख होती पंधरा मार्च. तो दिवस होता सव्वीस फेब्रुवारी.

“इतिवृत्त सदस्यांकडे फिरवून सह्या घेता येतात का बघतो,” सचिव म्हणाले. “खात्री देत नाही.”

परतीच्या बोटीत ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. नवोदित प्राध्यापकांसाठीचं अनुदान होतं ते. दोन अटी. कायम नेमणूक होऊन तीन वर्षं झालेली नसावीत आणि अर्जाच्या अंतिम तारखेला वयाची चाळीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. क्रांतीनं अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं होतं. जितके तास, तितकं मानधन, मे महिन्यात घरी. दोन वर्षांपूर्वी ती कायम झाली. म्हणजे कानाजवळचे केस पांढरे झाल्यावर ती सरकारदरबारी नवोदित ठरली. बावीस मार्चला तिला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. पुढच्या वर्षी अर्ज करायची सोय नव्हती.

*

गोदूबाय तिच्याकडे सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, विकायला यायची. दोन वर्षांपूर्वी सोडे मोजून देताना तिचं उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट क्रांतीला दिसलं. सुजलेलं, जांभळं, मधोमध ओलं.

“मावशी, किती दिवस झाले याला?”

“दिस कसले, गणपतीपासून हाय. मलम लावतंय, सुया घेतल्या. बरा व्हतंय, मंग परत फुटतंय. शेडीत चौघी-पाचजणींना हाय.”

क्रांती दुसऱ्याच दिवशी कोलंबी सोलायच्या शेडीत गेली. चौघी-पाचजणी नव्हत्या, साठात चौदा होत्या. कुणी चिंधी बांधलेली, कुणी हळद लावलेली. मुकादम म्हणाला, “पाण्यातलं काम हाय मॅडम, हात खराब व्हयाचेच.” तिनं तालुक्याच्या डॉक्टरांशी बोलून पाहिलं. ते भले होते, पण त्यांच्यापुढे रिपोर्ट होता आणि रिपोर्टात काही नव्हतं. तेव्हापासून हा विषय तिच्या डोक्यात बसला. गोदू भेटली की विचारायची, “तुमचा तो पेपर कवा हाय?” अनुदानाचा अर्ज म्हणजे कसलीतरी परीक्षाच, अशी तिची पक्की समजूत होती, आणि ती फारशी चुकीचीही नव्हती.

मार्चचा पहिला आठवडा परीक्षेसारखाच गेला. विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रस्तावाचा सारांश पाचशे शब्दांत मागितला होता, पण चौकटीत तीनशेच मावत. छायाचित्र वीस केबीपेक्षा मोठं चालेना आणि वीस केबीत आणलं की चेहरा ओळखू येईना. यंत्राची तीन दरपत्रकं हवी होती, दोन कंपन्यांनी दिली, तिसरी म्हणाली, “तुम्ही घेणार तर नाही, मग दर कशाला विचारता?” प्राचार्यांनी सही केली ती काळ्या शाईत. नियमात निळी होती. प्राचार्य तोवर नाशिकला परिषदेला निघून गेले होते.

दहा मार्च उजाडला तरी दंतवैद्यकचं प्रमाणपत्र नव्हतं. फोन केला की सचिव म्हणत, “पाच सह्या झाल्या, दोन राहिल्यात. एक मॅडम सुट्टीवर आहेत.”

कॉलेजचे हेडक्लार्क भागोजी खेडेकर एकतीस वर्षं त्याच खुर्चीत बसत होते. क्रांती रोज तीन वेळा ऑफिसात येऊन हताश होऊन परत जाते, हे त्यांना बघवेना.

“मॅडम, एक काम करू,” ते म्हणाले. “मुदतवाढीचा विनंतीअर्ज टाकून ठेवू. कॉलेजच्या वतीनं.”

“एका अर्जावर कोण वाढवतंय मुदत, भाऊसाहेब?”

“न्हाय वाढवली तर न्हाय. आपलं काय जातंय?”

क्रांतीला खरंच वाटलं, आपलं काय जातंय. भागोजींनी त्यांच्या पद्धतीनं मसुदा केला. ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सागरी व दुर्गम भागातील महाविद्यालयांस दळणवळणाच्या अडचणी विचारात घेता...’ नाशिकहून परतलेल्या प्राचार्यांनी त्यावर आणि काळ्या शाईच्या कागदावर एकदमच निळ्या सह्या केल्या. अर्ज ईमेलनं गेला, शिवाय भागोजींनी तो स्पीडपोस्टानंही धाडला, कारण ईमेलवर त्यांचा विश्वास नव्हता.

आणि मग तेरा तारखेला सकाळी सचिवांचा फोन आला. “सातवी सही झाली. येऊन घेऊन जा.” क्रांतीनं एक तास दुसऱ्याला लावून दिला आणि निघाली. पुन्हा रिक्षा, बोट, तीन एसट्या. प्रमाणपत्र घेतलं, पाच प्रती काढल्या, त्या रात्री पनवेलला मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि चौदा तारखेला विद्यापीठ उघडायच्या वेळेला ती संशोधन विभागाच्या खिडकीपाशी उभी होती.

खिडकीतल्या मुलीचं नाव पूनम. तिनं सगळी जोडपत्रं बोट ठेवून तपासली.

“स्पायरल नाही चालत मॅडम, टॅग लावा. टॅग आहेत माझ्याकडे, देते.” पाचही संच सोडवून, भोकं पाडून, टॅगात ओवून झाल्यावर पूनमनं शिक्का मारला. “तुम्ही एक दिवस आधी आलात. असं कुणी येत नाही इथं.”

क्रांतीनं पोचपावतीचा फोटो काढला आणि भागोजींना पाठवला. खाली विद्यापीठाच्या कँटीनमध्ये बसून तिनं दोन कप चहा घेतला. कित्येक दिवसांनी तिला भूक लागली होती.

*

सोळा तारखेला भागोजी स्वतः प्रयोगशाळेत आले. एरवी ते शिपायाकडून निरोप धाडत. हातात एक छापील कागद होता आणि चेहऱ्यावर न मावणारं समाधान.

“ऐकलं बघा मॅडम आपलं.”

विद्यापीठाचं परिपत्रक होतं. ‘अनेक महाविद्यालयांकडून प्राप्त झालेल्या विनंतीनुसार अर्ज सादर करण्याची अंतिम तारीख एकतीस मार्च करण्यात येत आहे.’

“आता आपल्याला काय उपयोग, भाऊसाहेब? आपला अर्ज गेला.”

“तरीपण. दुसऱ्या कुणाला व्हईल.” त्यांनी ते परिपत्रक फलकावर चार टाचण्या लावून डकवलं.

बावीस तारखेला क्रांतीचा नवरा गणराज रोह्याच्या कारखान्यातून पाळी संपवून येताना केक घेऊन आला. चाळीसचा आकडा असलेली मेणबत्तीही त्यानं आणली होती. ती फुंकताना क्रांतीच्या मनात काही आलं नाही.

यादी लागली एप्रिलच्या नऊ तारखेला. पात्र, अपात्र असे दोन रकाने. तिचं नाव दुसऱ्या रकान्यात होतं. कारण : वयोमर्यादा.

तिला वाटलं, टायपिंगची चूक असेल. तिनं फोन लावला.

“मॅडम, नियमात अंतिम तारखेला वय असं लिहिलंय,” पूनम म्हणाली. “अंतिम तारीख एकतीस मार्च झाली. तुम्हाला बावीसला चाळीस पूर्ण होतात.”

“मी चौदाला अर्ज दिलाय. तुम्हीच शिक्का मारलात.”

“हो, मला आठवतंय. पण अर्जाच्या तारखेला नाही धरत, अंतिम तारखेला धरतात.”

“मुदत वाढवली ती उशीर करणाऱ्यांसाठी. वेळेत येणाऱ्याचं वय त्यात कसं वाढेल?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. पूनमचा स्वर खाली आला. “मॅडम, एक सांगू का? मुदतवाढीच्या फाइलला एकच अर्ज आहे. तुमच्या कॉलेजचा.”

“परिपत्रकात अनेक महाविद्यालयं म्हटलंय.”

“तसंच लिहायची पद्धत आहे.”

क्रांती दोनदा विद्यापीठात जाऊन आली. उपकुलसचिवांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. अन्याय झाला हे त्यांनाही पटलं होतं. पण एकाला सवलत दिली की माहिती अधिकारात दहा अर्ज येतात, असं ते म्हणाले. “तुम्ही ज्येष्ठ प्राध्यापकांच्या गटातून का नाही भरत? त्यात वयाची अट नाही.”

“त्यात कायम नोकरीची दहा वर्षं लागतात, सर. माझी दोन झाली.”

“आधी शिकवलंय ना तुम्ही?”

“अकरा वर्षं. ती तासिका तत्त्वावर. ती धरत नाहीत.”

उपकुलसचिवांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मग तुम्ही मधेच कुठेतरी आहात,” ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत क्रांतीला आपली जागा इतकी नेमकी कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली तेव्हा फलकावरचं परिपत्रक निघालेलं होतं. चार टाचण्या तेवढ्या राहिल्या होत्या. भागोजी खाली मान घालून रजिस्टरात काहीतरी लिहीत होते. ती समोर उभी राहिली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

“भाऊसाहेब, तुमचा दोष नाही. अर्ज मीही वाचूनच पुढे पाठवला होता.”

“एकतीस वर्षांत किती अर्ज केले असतील मी मॅडम,” भागोजी म्हणाले. “बदलीचे, बढतीचे, फरकाचे. एक मंजूर झाला न्हाय. हा पहिला.”

तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. तिनं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

*

गोदूला सांगायला हवं होतं. क्रांती संध्याकाळी कोळीवाड्यात गेली. गोदू ओट्यावर बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. उजव्या हाताला पांढरं बँडेज होतं आणि त्यातून चारच बोटांचे शेंडे पुढे आलेले दिसत होते.

क्रांती उभीच राहिली.

“गेल्या सोमवारी कापला,” गोदू म्हणाली. “पयल्या पेऱ्यापासून. डाक्टर बोलला, हाडात गेलाय, ठेवला तर अख्खा जायल. बस ना बाय, उभी कशाला?”

क्रांती ओट्याच्या कडेला बसली.

“तुमचा पेपर काय झाला? पास?”

“नाही, मावशी. वय जास्त झालं.”

“कुणाचा?”

“माझं.”

गोदूनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि ती हसायला लागली. “तू काय म्हातारी हायस? मंग आमी कोण?” हसता हसता तिनं सूप बाजूला ठेवलं. “सगुणाला पन झालाय आता. अंगठ्याला. तिला सांगितलंय मी, बाय काहीतरी करतंय म्हणून.”

सगुणा तिची धाकटी जाऊ.

घरी आल्यावर क्रांतीनं अनुदानाची सगळी फाइल उचलून माळ्यावर टाकायला काढली. त्यात दंतवैद्यकचं प्रमाणपत्र होतं, सात सह्यांचं. ते वेगळं काढून तिनं वाचलं. ‘सदर अभ्यासास नमुने घेण्यास एक वर्षापर्यंत मान्यता देण्यात येत आहे.’ तिनं पुन्हा वाचलं. अनुदान मिळाल्यास, असं त्यात कुठंही नव्हतं.

मान्यता होती. नव्हतं ते यंत्र. यंत्राचं काम काय, तर रात्रंदिवस तीस-एकतीस अंश राखायचे. तिनं प्रयोगशाळेतले तापमापक वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून पाहिले. वरचे वर्ग दुपारी तापत. तळमजल्यावर मात्र प्रयोगशाळेच्या मागं जुन्या सामानाची एक खोली होती, जाड जांभ्याच्या भिंतींची, खिडकी नसलेली. सकाळी तीस. दुपारी एकतीस. संध्याकाळी साडेतीस.

“त्यात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हायत,” भागोजी म्हणाले. “हलवतो.” मे महिन्याच्या सुट्टीत क्रांती नमुन्यांच्या मागे धावत असताना त्यांनी रोज तीन वेळा येऊन तापमान लिहायचं स्वतःहून अंगावर घेतलं. कुलपाची एक चावी त्यांच्याकडे, एक तिच्याकडे. आठवड्याभरात तारखांचं पान भरलं, तेही निळ्या शाईत.

ग्रामीण रुग्णालयात डॉ. रचना म्हणून नवी डॉक्टर आली होती. तिनं प्रमाणपत्र वाचलं, क्रांतीचं सगळं ऐकून घेतलं आणि सगुणाच्या अंगठ्यातून गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा काढून दिला. तो बंद बाटल्यांतल्या खाद्यावर लावून क्रांतीनं बाटल्या त्या खोलीतल्या पोलादी कपाटात ठेवल्या. पहिले दोन आठवडे काही नाही. तिसऱ्यात काही नाही. पंचविसाव्या दिवशी सायीच्या थेंबांसारखे बारीक ठिपके दिसले. तिनं एक बाटली तासभर उजेडात ठेवून परत कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ठिपके पिवळे झालेले होते. उजेड पाहिला की पिवळा पडतो, तिच्या संशयातला समुद्री जंतू असाच. क्रांती त्या अंधाऱ्या खोलीत मागे राहिलेल्या गठ्ठ्यांवर बसून राहिली. कुणाला फोन करावा ते तिला सुचेना. शेवटी भागोजींनाच बोलावून आणून तिनं बाटली दाखवली. त्यांनी ती लांबूनच निरखली आणि रजिस्टरात वेळ लिहून ठेवली.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तिची जुनी वर्गमैत्रीण होती. तिनं तपासून जूनअखेर नाव पक्कं केलं. डॉ. रचनानं सगुणाची औषधं बदलली. पाच महिने गोळ्या, न चुकता. पहिल्या चौदांतल्या, गोदू सोडून, तेरा जणींचे नमुने घ्यायचे अजून बाकी होते, आणि त्यांच्या तपासण्या कोण करणार याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून ऑगस्टात बोटी पुन्हा समुद्रात गेल्या आणि शेड सुरू झाली. पहिल्याच दिवशी क्रांती तिथं पोचली, कारण सगुणा कामावर आल्याचं तिला कळलं होतं. ओल्या फरशीवर बायका दोन रांगांत बसल्या होत्या. मध्ये बर्फ आणि कोलंबीचे ढीग. सगुणा आपल्या टोपलीपुढे बसलेली होती, अंगठ्याची गाठ निम्म्यानं उतरलेली.

“गोळ्या घेतेस ना?”

“घेतंय, मॅडम. एक पन चुकवली न्हाय.”

“मग पाण्यात हात घालू नकोस. बरं होत आलेलं पुन्हा बिघडेल. अजून तीन महिने तरी हात कोरडा ठेवायचा.”

“तीन महिनं,” सगुणा म्हणाली. तिनं समोरच्या टोपलीकडे पाहिलं. “आणि हे कोण सोलनार? आज बसलं न्हाय तर उद्या ही जागा दुसरीला.”

हा प्रश्न प्रस्तावात नव्हता. चौकटीत पूर्ण पाचशे शब्द मावले असते तरी तो त्यात बसला नसता.

शेजारी बसलेल्या गोदूनं मान वर केली नाही. तिनं डावा हात लांब करून सगुणाची टोपली आपल्याकडे ओढली, आपल्या टोपलीला टेकवून ठेवली आणि सोलायला लागली. आखूड बोट बाजूला धरून, मधल्या बोटानं ती कोलंबीचं कवच उलगडत होती. पहिल्यासारखा हात चालत नव्हता. पण थांबतही नव्हता. सगुणा थोडी मागे सरली आणि कोरडे हात मांडीवर घेऊन बसली.

क्रांती दारात तशीच उभी होती.

“बाय,” गोदू म्हणाली, “जरा उजेडातून बाजूला व्ह. काटा दिसत न्हाय.”

क्रांती बाजूला झाली.